गो-ॲक्सेस: सर्व्हरच्या नोंदींवरून पाहुण्यांचे गाव शोधताना

पेंच आणि ताडोबाचे गाभा क्षेत्र पावसाळ्याचे तीन महिने बंद राहून ऑक्टोबरमध्ये उघडले, की नागपुरात जंगल पर्यटनाची संकेतस्थळे सांभाळणाऱ्यांना एकच प्रश्न विचारला जातो: आपल्याकडे चौकशी करणारी मंडळी नेमकी कुठली आहेत? सिल्लारी प्रवेशद्वाराजवळ निवासाची सोय चालवणाऱ्या माझ्या एका ग्राहकाने तो अस्सल नागपुरी थाटात विचारला, "भाऊ, हैदराबादवाले पाहून राहिले का आपली साइट, का नुसते पुण्याचेच?" प्रश्न गमतीचा वाटला तरी त्यामागे पैसा आहे. जाहिरातीची मर्यादित रक्कम कोणत्या शहरावर खर्च करायची, हे या उत्तरावर ठरते. हे उत्तर सर्व्हरच्या, म्हणजे संकेतस्थळ ज्या संगणकावरून चालते त्याच्या, नोंदींतून काढण्यासाठी मी जे साधन नियमित वापरतो, त्या गो-ॲक्सेसचे हे परीक्षण आहे. एकूण साधन उत्तम आहे. मात्र त्याच्या अहवालात जगाचा जो देखणा नकाशा दिसतो, तो माणसांचा नसून इंटरनेटच्या जाळ्यांचा (नेटवर्कचा) नकाशा आहे, आणि हे ध्यानात न घेता तो ग्राहकापुढे ठेवणे धोक्याचे आहे.

गो-ॲक्सेस सी भाषेत लिहिलेले, एमआयटी परवान्याखाली मिळणारे मुक्तस्रोत साधन आहे आणि २०१० पासून त्याचा विकास सुरू आहे. त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत, संकेतस्थळाच्या पानांत कोणताही कोड घालावा लागत नाही आणि पाहुण्याच्या ब्राउझरवर कुकी ठेवावी लागत नाही. सर्व्हर स्वतःहून ज्या नोंदी लिहीतच असतो, त्याच ते वाचते. गूगल ॲनालिटिक्ससारखी साधने पानातील जावास्क्रिप्ट चालली तरच मोजतात, त्यामुळे जाहिराती अडवणारे विस्तार वापरणारा पाहुणा तेथे बहुधा दिसत नाही. नोंदींतून तो निसटत नाही. उलट नोंदींत माणसांबरोबर यंत्रेही येतात, आणि हा भाग डोकेदुखीचा असल्याने त्याकडे पुढे वळू.

प्रथम नोंद म्हणजे काय ते पाहू. अपाचे किंवा एनजिनएक्स या वेब सर्व्हर प्रणालींच्या 'कंबाइन्ड' स्वरूपातील प्रत्येक ओळीत आरंभी पाहुण्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील त्याच्या जोडणीचा क्रमांक, असतो, समजा २०३.०.११३.४५. त्यानंतर सहसा दोन आडव्या रेघा येतात, कारण त्या दोन रकान्यांत भरण्यासारखे काही नसते. पुढे चौकटी कंसात दिनांक, वेळ आणि अधिक ०५३० असा भारतीय वेळेचा फरक असतो. मग मागितलेले पान, २०० किंवा ४०४ असा प्रतिसादाचा क्रमांक, पाठवलेले बाइट, पाहुणा ज्या दुव्यावरून आला त्याचा पत्ता, आणि शेवटी ब्राउझरने स्वतःची दिलेली ओळख. या ओळीत गावाचे नाव कोठेही नाही. नकाशावर जे काही उमटते, ते केवळ पहिल्या रकान्यातील आकड्यांवरून बांधलेले अनुमान असते, हे येथेच लक्षात ठेवावे.

स्थापना सोपी आहे. उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या भांडारातील (रिपॉझिटरीतील) आवृत्ती अनेकदा जुनी असते, म्हणून प्रकल्पाच्या अधिकृत भांडारातून ती घेणे बरे. नोंदींची फाइल आणि तिचे स्वरूप सांगितले, की टर्मिनलमध्येच रंगीत तक्ते उभे राहतात. ज्यांना काळ्या पडद्याचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी एकाच एचटीएमएल फाइलमध्ये सारा अहवाल निघतो आणि ती फाइल ग्राहकाला सरळ पाठवता येते. लहान संकेतस्थळाच्या महिनाभराच्या नोंदी साध्या भाडोत्री सर्व्हरवरही काही सेकंदांत वाचून होतात. दाबून ठेवलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) जुन्या फाइली उलगडून थेट याच्या तोंडी देता येतात, हीही मोठी सोय आहे. वेळोवेळी आपोआप ताजा होणारा अहवाल हवा असेल तर थोडे कष्ट आहेत. तो वेब-सॉकेट या सतत खुल्या राहणाऱ्या जोडणीवरून चालतो, त्यासाठी ७८९० क्रमांकाचा पोर्ट फायरवॉलमध्ये उघडावा लागतो, आणि संकेतस्थळ एचटीटीपीएसवर असेल तर या जोडणीलाही प्रमाणपत्र द्यावे लागते, नाहीतर ब्राउझर ती जोडणी नाकारतो आणि अहवाल जागच्या जागी थिजतो. लहान ग्राहकाला याची गरज नसते. रात्री एकदा अहवाल तयार करून ठेवणे पुरते.

मराठी संकेतस्थळांच्या दृष्टीने एक गुण आवर्जून सांगण्याजोगा आहे. देवनागरीतील पानाचा पत्ता नोंदीत मूळ रूपात येत नाही, टक्क्याच्या चिन्हांसह सांकेतिक रूपात येतो. युनिकोडमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असल्याने 'पेंच' एवढ्या शब्दासाठी नोंदीत छत्तीस अक्षरांची रांग लागते. गो-ॲक्सेस हे पत्ते उलगडून दाखवते, त्यामुळे सर्वाधिक पाहिलेल्या पानांची यादी एचटीएमएल अहवालात मराठीत वाचता येते. टर्मिनलमध्ये मात्र जोडाक्षरे आणि काने-मात्रा इकडेतिकडे सरकलेल्या दिसू शकतात. तो दोष बहुतांशी टर्मिनलचाच असतो.

सामायिक होस्टिंगवर अनेकांना नियंत्रण फलकात एडब्ल्यूस्टॅट्स हे नोंदी वाचणारे दुसरे साधन आयते मिळते. पर्लमध्ये लिहिलेले हे साधन जुने आणि दणकट आहे, पण भौगोलिक विस्तार जोडलेला नसेल तर ते देश ठरवण्यासाठी पाहुण्याच्या यजमान-नावाच्या (होस्टनेमच्या) शेपटावर, म्हणजे .in, .jp, .com अशा शेवटच्या भागावर, विसंबते. परिणामी देशांच्या यादीत भारत आणि जपान यांच्या शेजारी 'कमर्शियल' आणि 'नेटवर्क' असेही देश दिसू लागतात. ज्यांच्याकडे दुसरा मार्ग नाही त्यांनी नियंत्रण फलकातून कच्च्या नोंदी उतरवून घ्याव्यात आणि त्या आपल्या संगणकावर गो-ॲक्सेसने वाचाव्यात.

आता नकाशाकडे. गो-ॲक्सेस स्वतः कोणत्याही पत्त्याचे गाव जाणत नाही. त्याला स्थानांची माहिती बाहेरून पुरवावी लागते, आणि बहुतेक जण त्यासाठी मॅक्समाइंड या अमेरिकी कंपनीची जिओलाइट-२ ही मोफत माहितीपेटी (डेटाबेस) वापरतात. तिची देश, शहर आणि जाळ्याचा मालक अशी तीन रूपे आहेत. ३० डिसेंबर २०१९ पासून ती नोंदणी करून परवाना-किल्ली घेतल्याशिवाय उतरवता येत नाही, त्यामुळे आंतरजालावर फिरणारे त्यापूर्वीचे अनेक स्थापना-लेख आता कामाचे राहिलेले नाहीत. ही माहितीपेटी जोडली, की भूगोलाच्या तक्त्यात खंड आणि देश दिसतात, अलीकडच्या आवृत्त्यांत जगाचा नकाशा रंगतो, आणि शहराची पेटी दिली असेल तर आयपी पत्त्यांच्या यादीत प्रत्येक पत्त्यासमोर शहरही उमटते.

देशाचा निर्णय बराचसा भरवशाचा असतो, कारण पत्त्यांचे वाटपच प्रादेशिक नोंदणी संस्थांमार्फत होते. आशिया-प्रशांत विभागासाठी हे काम एपीनिक पाहते आणि भारतात त्याच्या खाली आयआरआयएनएन ही राष्ट्रीय नोंदणी संस्था आहे. एखादा पत्ता भारतीय कंपनीला दिलेला आहे की नाही, याची सार्वजनिक नोंद असते. शहराची अशी कोणतीही अधिकृत नोंद नसते. कंपनीने नोंदणीत लिहिलेला कार्यालयाचा पत्ता, यजमान-नावांत दडलेले विमानतळांचे संक्षेप, निरनिराळ्या ठिकाणांहून मोजलेला प्रतिसादाचा वेळ, काही कंपन्यांनी आपणहून जाहीर केलेल्या याद्या, अशा धाग्यांवरून शहर जुळवले जाते.

भारतात ही जुळवणी मोबाइलपाशी येऊन अडखळते, आणि आपल्याकडे बहुसंख्य पाहुणे मोबाइलवरूनच येतात. मोबाइल कंपनीचा डेटा हातातल्या फोनपासून जवळच्या मनोऱ्यापर्यंत हवेतून जातो, तेथून कंपनीच्या अंतर्गत जाळ्याने एखाद्या मोठ्या शहरातील प्रवेशद्वारापर्यंत पोहोचतो आणि तेथे त्याला सार्वजनिक आयपी पत्ता मिळतो. सर्व्हरला फक्त हे प्रवेशद्वार दिसते. याची परीक्षा कोणालाही घरबसल्या घेता येते. धरमपेठेतील माझ्या कार्यालयात बसून आधी वाय-फायवरून आणि लगेच वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरून तेच पान उघडले, तर नोंदींत एकापाठोपाठ एक अशा दोन ओळी उमटतात. स्थानिक ब्रॉडबँडच्या ओळीसमोर नागपूर येते आणि मोबाइलच्या ओळीसमोर मुंबई. मधल्या वेळात मी खुर्चीवरून उठलेलोही नसतो. याचा अर्थ असा, की अहवालात मुंबईचा आकडा फुगलेला दिसतो तेव्हा त्यात काटोल, रामटेक, उमरेडचे लोकही बेमालूम मिसळलेले असू शकतात.

पाहुण्यांची संख्या मोजण्याच्या पद्धतीवरही याचाच परिणाम होतो. एकाच दिवशी एकाच आयपी पत्त्यावरून आणि एकाच ब्राउझर-ओळखीने आलेल्या सर्व विनंत्या गो-ॲक्सेस एका पाहुण्याच्या खात्यावर टाकते. आयपीच्या चौथ्या आवृत्तीचे (आयपीव्ही४) पत्ते संपत आल्यामुळे मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. जुन्या वाड्यातील सगळ्या बिऱ्हाडांची पत्रे एकाच दारावर यावीत, तसे हे आहे. पूर्वी निदान फोनच्या मॉडेलवरून त्यांच्यात फरक करता येत असे. २०२३ पासून अँड्रॉइडवरील क्रोम मात्र प्रत्येक फोनची ओळख 'अँड्रॉइड १०' आणि मॉडेलच्या जागी 'के' एवढीच सांगतो, त्यामुळे तोही आधार गेला. उलटपक्षी सहाव्या आवृत्तीचे (आयपीव्ही६) पत्ते वापरणाऱ्या फोनचा पत्ता गोपनीयतेसाठी अधूनमधून बदलत राहतो, म्हणून एकच माणूस अनेक पाहुणे होऊन मोजला जातो. दोन्ही चुका एकमेकींना छेद देतात खऱ्या, पण किती देतात हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून पाहुण्यांचा निव्वळ आकडा मी ग्राहकाला कधीच सांगत नाही, मागील महिन्याशी केलेली तुलनाच सांगतो.

स्थानाच्या अनुमानावर आंधळा विश्वास ठेवल्याने काय होते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील कॅन्सस राज्यातले आहे. ज्या पत्त्यांबद्दल 'अमेरिकेत कोठेतरी' एवढेच ठाऊक होते, त्यांना मॅक्समाइंडच्या माहितीपेटीत देशाच्या मध्याजवळचा एक गोल आकड्यांचा अक्षांश-रेखांश दिलेला होता. तो बिंदू पॉटविन या छोट्या गावाजवळील एका शेतावर पडत होता. साठ कोटींहून अधिक आयपी पत्ते त्या एका शेताच्या नावे जमा झाले आणि ऑनलाइन फसवणुकीचा माग काढणारे पोलीस व संतापलेले लोक वर्षानुवर्षे त्या घराच्या दारात येत राहिले. २०१६ मध्ये हे प्रकरण उघडकीस आल्यानंतर कंपनीने तो बिंदू एका जलाशयात हलवला. आपल्या अहवालातही एखाद्या देशाच्या मधोमध, वस्ती नसलेल्या ठिकाणी गर्दी दिसली, तर ती माणसांची नसून अज्ञानाची आहे असे खुशाल समजावे.

यंत्रांचा उपद्रव हा या साधनाच्या वापरातील सर्वांत मोठा भाग आहे आणि नवख्या माणसाची फसगत बहुधा येथेच होते. गाळणी न लावता अहवाल काढला, तर नागपूरजवळच्या निवासाची सर्वाधिक चौकशी अमेरिकेतून होत असल्याचा साक्षात्कार होतो. शहरांत व्हर्जिनियातील ॲशबर्न वर येते. ॲशबर्नला वाघांचे वेड लागलेले नाही, तेथे प्रचंड डेटा केंद्रे आहेत. शोधयंत्रांचे आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर गोळा करणाऱ्या कंपन्यांचे संचारक (पाने आपोआप वाचत फिरणारे प्रोग्राम), तसेच वर्डप्रेसचे प्रवेश-पान ठोठावून पाहणारे भुरटे, हे सगळे अशाच केंद्रांतून येतात. गो-ॲक्सेसमध्ये संचारक वगळण्याचा पर्याय आहे, पण तो ब्राउझर-ओळखीवर चालतो. जो संचारक स्वतःला प्रामाणिकपणे संचारक म्हणवतो तो वगळला जातो, आणि जो क्रोमचे सोंग घेतो तो पाहुणा म्हणून पंगतीत बसतो. अशांना ओळखण्यासाठी जाळ्याच्या मालकाचा तक्ता फार उपयोगी पडतो. पत्त्याचा मालक दूरसंचार कंपनी असेल तर तो माणूस असण्याची शक्यता अधिक, क्लाउड कंपनी असेल तर यंत्राची. अलीकडच्या आवृत्त्यांत हा तक्ता आला, आणि माझ्या मते तो नकाशापेक्षा मोलाचा आहे.

जंगल पर्यटनाच्या संकेतस्थळांना आणखी एक सोय निसर्गानेच करून दिली आहे. जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असते, चौकशी ओसरते, पण यंत्रांना पावसाळा नसतो. त्या तिमाहीत ज्या देशांचे आकडे तसूभरही हलत नाहीत, तेथून येणारी वाहतूक यंत्रांची आहे असे मानून मी हंगामातील आकड्यांतून ती वजा करतो. या वजाबाकीनंतर उरणारा परदेशी पाहुण्यांचा आकडा लहान असतो, पण विश्वासार्ह असतो.

संकेतस्थळापुढे क्लाउडफ्लेअरसारखी, पाहुणा आणि सर्व्हर यांच्यामध्ये उभी राहणारी मध्यस्थ सेवा असेल, तर नोंदीच्या पहिल्या रकान्यात पाहुण्याऐवजी त्या सेवेचाच पत्ता लिहिला जातो आणि सारा नकाशा निरर्थक ठरतो. खरा पत्ता विनंतीच्या शीर्षभागात येतो. तो एनजिनएक्समध्ये रिअल-आयपी आणि अपाचेमध्ये रिमोट-आयपी या मोड्यूलने नोंदीत आणावा लागतो. हे काम गो-ॲक्सेस वापरण्यापूर्वी करायचे आहे, कारण जुन्या नोंदी नंतर दुरुस्त होत नाहीत. शिवाय मध्यस्थाने आपल्या साठ्यातून परस्पर दिलेली पाने सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाहीत, म्हणून तीही मोजली जात नाहीत.

नोंदी किती दिवस ठेवायच्या, याबाबत आपल्याकडे बरीच बेफिकिरी आढळते. डेबियन आणि उबुंटूवर वेब सर्व्हरच्या नोंदी मूळ मांडणीत रोज फिरवल्या जातात आणि चौदा प्रतींनंतर पुसल्या जातात. म्हणजे हंगामाची तुलना करायला बसावे, तर हाती जेमतेम पंधरवडा असतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा केंद्रे आणि कंपन्या यांनी आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस भारतीय अधिकारक्षेत्रात जपून ठेवायच्या आहेत. त्यामुळे ही मांडणी बदलणे दोन्ही कारणांनी आवश्यक आहे. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. आयपी पत्ता माणसापर्यंत पोहोचवू शकतो आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा लक्षात घेता पाहुण्यांचे पूर्ण पत्ते असलेला अहवाल कोणालाही उघडता येईल अशा जागी ठेवणे योग्य नाही. गो-ॲक्सेसमध्ये पत्त्याचा शेवटचा भाग शून्य करून अहवाल काढण्याचा पर्याय आहे. ग्राहकाला पाठवायच्या प्रतीत मी तो नेहमी वापरतो, आणि अहवालाच्या पानाला पासवर्ड लावतो. हा पर्याय मुळात सुरूच असायला हवा होता, ही माझी या साधनाविषयीची एक तक्रार.

मग हैदराबादचे काय? राष्ट्रीय महामार्ग ४४ हैदराबादहून नागपूरमार्गे पुढे पेंचच्या जंगलातून जातो, त्यामुळे तेथील कुटुंबे गाडी घेऊन येतात हा माझ्या ग्राहकाचा अनुभव खराच आहे. पण नुसत्या शहरांच्या यादीवरून त्याला दुजोरा देणे मला पटेना. त्याऐवजी एनजिनएक्सच्या नोंदीत ब्राउझरच्या पसंतीच्या भाषेचा आणखी एक रकाना जोडला. गो-ॲक्सेसला नोंदीचे स्वरूप हवे तसे सांगता येते, त्यामुळे हा जादा रकाना वगळून ते निमूटपणे पुढे वाचते, आणि त्या रकान्याची मोजणी दोन ओळींच्या आज्ञेने वेगळी होते. ज्याच्या फोनची भाषा तेलुगू आहे तो पाहुणा मुंबईच्या प्रवेशद्वारातून आला काय किंवा चेन्नईच्या, त्याच्याबद्दल काही एक सांगता येते. अर्थात पुष्कळ जण फोन इंग्रजीतच ठेवतात, म्हणून हा आकडा कमीत कमी किती एवढेच दाखवतो. दुसरा धागा व्हॉट्सॲपचा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या पाहुण्यासोबत आधीच्या दुव्याचा पत्ता सहसा येत नाही. पण दुवा पाठवताना त्याची छोटी झलक पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होते, आणि त्यासाठी केलेली विनंती व्हॉट्सॲपच्या नावानिशी नोंदीत उमटते. पान कोणी तरी कोणाला तरी पाठवले असावे, एवढे त्यावरून कळते, आणि जाहिरातीपेक्षा शिफारशीवर चालणाऱ्या व्यवसायाला ते जाणणे उपयोगाचे असते. या दोन धाग्यांच्या जोडीला चौकशीच्या अर्जात 'आपण कुठून येणार' हा साधा रकाना घातल्यावर जाहिरातीचा निर्णय नकाशावाचून झाला.

खर्चाचे म्हणाल तर साधन आणि माहितीपेटी दोन्ही मोफत आहेत, लागतो तो वेळ. जिओलाइट-२ आठवड्यातून दोनदा अद्ययावत होते आणि नवी आवृत्ती आल्यावर जुनी तीस दिवसांत काढून टाकण्याची अट परवान्यातच आहे, म्हणून ती आपोआप उतरवून घेण्याची व्यवस्था पहिल्याच दिवशी करून ठेवावी. नोंदणी नको असेल त्यांच्यासाठी डीबी-आयपीची मोफत लाइट आवृत्तीही त्याच स्वरूपात मिळते. ती महिन्यातून एकदा बदलते आणि गो-ॲक्सेस तीही निर्वेधपणे वाचते. एक उणीव मात्र मला अजून खटकते. शहराच्या माहितीपेटीत प्रत्येक पत्त्यासोबत अचूकतेची त्रिज्या किलोमीटरमध्ये दिलेली असते, आणि गो-ॲक्सेसचा अहवाल ती दाखवत नाही. 'मुंबई' या शब्दाशेजारी शेकडो किलोमीटरची त्रिज्या छापून आली असती, तर ग्राहकाला समजावण्यातला माझा निम्मा वेळ वाचला असता. तूर्त ही त्रिज्या मी वेगळ्या लहानशा स्क्रिप्टने काढतो आणि पन्नास किलोमीटरपलीकडचे सगळे पत्ते शहरांच्या यादीतून उचलून 'भारत, शहर अज्ञात' या एका ओळीत टाकतो. मोबाइलवरच्या पाहुण्यांचा बहुतेक भरणा याच ओळीत होतो, आणि ग्राहकाला अहवाल देताना मी बोट प्रथम तिच्यावरच ठेवतो.